तळ्यात सोडलेला सकर मासा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरातल्या काचेच्या टाकीत न मावणारा सकर मासा गुपचूप गावच्या तळ्यात किंवा नदीत सोडून देण्याची सवय आपल्याकडे रुजू लागली आहे, तिच्याविषयी हे पत्र लिहीत आहे. मी मत्स्यशास्त्राचा अभ्यासक नाही. डिचोली तालुक्यातील प्राथमिक शाळांतून आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहे. या चुकीत माझ्या घराचाही वाटा आहे आणि तो लपवून इतरांना उपदेश करणे बरे दिसणार नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

सहा वर्षांपूर्वी नातवाच्या हट्टापायी आम्ही दोन फूट लांबीची माशांची टाकी घेतली. दुकानदाराने सोनेरी माशांबरोबर बोटाएवढा एक काळपट मासा पिशवीत घातला आणि "हा सकर असू द्या, काच साफ ठेवतो, तुम्हाला हात लावावा लागणार नाही," असे सांगितले. तो मासा पुढे केवढा होतो हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पहिले वर्षभर त्याने खरोखरच काचेवरचे शेवाळ खरवडले. नंतर मात्र त्याला आयत्या खाद्याची चटक लागली. काच हिरवी होऊ लागली आणि त्याच्या विष्ठेच्या लांबलचक दोऱ्यांनी तळ भरून जाऊ लागला, त्यामुळे टाकी साफ ठेवणाऱ्या माशामुळेच टाकी दर आठवड्याला साफ करण्याची पाळी आली. चौथ्या वर्षी तो फूटभर झाला. रात्री शेपटीच्या एका फटक्यासरशी टाकीचे झाकण उडायचे. सोनेरी मासे तोवर केव्हाच संपले होते.

त्या वर्षी चवथीच्या आधी घर रंगवायला काढले. टाकी हलवायची म्हटल्यावर मुलाने संध्याकाळी एका बादलीत पाणी घेऊन तो मासा देवळाखालच्या तळ्यात नेऊन सोडला. मला ते माहीत होते. जीव मारण्यापेक्षा सोडून दिलेला बरा, पुण्याचेच काम झाले, असे मी मनाशी म्हणालो आणि त्या दिवशी मला हलके वाटले, हेही कबूल करतो. आपल्या समाजात जीव सोडून देण्याला जे पुण्य मानले जाते, त्याच्या आड अशा किती बादल्या रिकाम्या झाल्या असतील, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

गेल्या मे महिन्यात तळे आटत आले असताना शेजारच्या गृहस्थांनी पाग टाकला. एरवी त्यात मरळ, शिंगी किंवा तिलापिया येतो. यावेळी पागात असे काही अडकले की दोघांना मिळूनही ते सुटेना. मला हाक मारून ते म्हणाले, "मास्तर, हा तुमचाच ना?" तो आमचा नव्हता. आमचा मासा फूटभराचा होता आणि त्यालाही पुढे दोन वर्षे उलटली होती. हा जेमतेम वीतभर होता. याचा अर्थ असा की एक तर आमच्यासारखे आणखी कोणी त्या तळ्यावर बादली घेऊन आले होते, नाही तर माशांनी तिथे संसार मांडला होता. दोन्हींत समाधान मानण्यासारखे काही नाही.

तो मासा मी जवळून पाहिला. मरळीसारखी खवले नाहीत आणि शिंगीसारखी बुळबुळीत कातडीही नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत हाडांच्या ताटल्यांच्या रांगा कौलांसारख्या एकीवर एक बसवलेल्या होत्या आणि हात उलटा फिरवला की किसणीवर फिरवल्यासारखे वाटत होते. छातीच्या दोन्ही परांच्या पुढचा काटा जाडजूड आणि दातेरी होता. घाबरल्याबरोबर त्याने ते दोन्ही काटे आडवे ताठ केले आणि जाळ्याचे धागे त्यांत असे गुंतले की शेवटी सुरी घेऊन जाळे कापावे लागले. तोंड खालच्या बाजूला, बशीसारखे पसरट, ओठ मांसल. पाठीवरचा पर मी मुद्दाम उलगडून पाहिला, तर तो शिडासारखा उंच उघडला. उन्हात धरल्यावर त्याच्या बुबुळाचा पडदा वरून खाली सरकला आणि बाहुलीची नुसती चंद्रकोर उरली. इतका देखणा डोळा मी दुसऱ्या माशाचा पाहिलेला नाही. पाण्याबाहेर काढून दीड तास झाला तरी पोत्याच्या ओल्या तुकड्यावर तो जिवंतच होता.

त्यानंतर मी वाचायला सुरुवात केली. हा मासा दक्षिण अमेरिकेतील चिलखती मांगूरवर्गीय माशांच्या लोरिकॅरिडी या कुळातला. लॅटिन भाषेत लोरिका म्हणजे छातीवरचे चिलखत. या एका कुळात नऊशेहून अधिक जाती आहेत आणि मांगूरवर्गीय माशांत हेच सर्वांत मोठे कुळ आहे. सजीवांच्या शास्त्रीय नावांचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ साली यांतील एका माशाला नाव दिले तेव्हा त्याच्या अंगावरच्या ताटल्या पाहून त्याला चक्क स्टर्जन माशांच्या गटात बसवले होते. प्लेकोस्टोमस म्हणजे घडी पडलेले तोंड, हे त्याचेच नाव; दुकानांतला प्लेको हा शब्द त्यावरून आला. गंमत अशी की आज आपल्या दुकानांत त्या नावाने जे विकले जाते ते बहुधा लिनियसचे प्लेकोस्टोमस नसतेच. तो टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीचा मासा असतो आणि पाठीवरच्या पराचे किरण, म्हणजे पर ताणून धरणाऱ्या काड्या, मोजले तर फरक कळतो. लिनियसचा मासा ज्या हायपोस्टोमस प्रजातीतला, तीत साधारण आठ, तर या शिडाच्या माशात नऊ किंवा त्याहून अधिक, बहुधा दहा ते तेरा किरण असतात. मी मोजले ते बारा भरले. पूर्ण वाढलेला मासा चाळीस ते पन्नास सेंटीमीटर होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. दोन फुटांच्या टाकीत घालण्यासाठी असा जीव विकणारा दुकानदार गिऱ्हाईकाला अर्धीच गोष्ट सांगत असतो.

या माशाला खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. ॲमेझॉन, माडेरा, ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांत तो आपल्या जागी आहे. तिथे दरवर्षी पुराचे पाणी कित्येक मीटर चढते, रान बुडते आणि पाणी ओसरले की डबकी गढूळ होऊन त्यांतला प्राणवायू संपत येतो. अशा पाण्यात टिकून राहण्यासाठीच त्याची घडण झाली आहे. तिथे सुसरींच्या जातीचे केमन आहेत, महाकाय पाणमांजरे आहेत, त्याला गिळू शकतील एवढे मोठे मांगूर आहेत आणि माणसेही आहेत. ब्राझीलमध्ये या माशाला आकारी किंवा बोदो म्हणतात, मनाउस शहरात तो चिलखतासकट निखाऱ्यांवर भाजून खातात आणि सांतारेंच्या बाजूला त्याचे मांस भाजून, वाळवून पिराकुई नावाचे माशाचे पीठ करतात. ज्या माशाला तिथे शेकडो तोंडे खातात, त्याच्या वाटेला आपल्या तळ्यातला बगळा किंवा पाणकावळा कसा जाणार? प्यूर्टो रिकोमध्ये हा मासा गिळताना काटे घशात अडकून पाणकोळी (पेलिकन पक्षी) मेल्याच्या नोंदी आहेत.

आता त्याच्या ज्या दोन सवयींमुळे मला गोव्याची धास्ती वाटते, त्या सांगतो. पहिली सवय श्वासाची. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की हा मासा वर येऊन हवा गिळतो आणि ती त्याच्या पातळ भिंतींच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या जठरात शोषली जाते. म्हणजे त्याचे पोटच फुप्फुसाचे काम करते. दुसरी सवय बिळाची. विणीच्या काळात नर चिकणमातीच्या काठात तिरपे, एक ते दीड मीटर खोल बीळ खणतो, मादी त्यात शेकडो अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर तिथे राखण करतो. पाणी ओसरून बिळाचे तोंड उघडे पडले तरी आतल्या ओलाव्यात मासा तग धरतो.

आपल्या गावांतली तळी पिढ्यान् पिढ्या कशी राखली गेली ते आठवून पाहावे. पावसाळ्यात भरलेले तळे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, शेतीसाठी हळूहळू सोडायचे, उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गावाने मिळून मासे धरायचे, गाळ काढायचा आणि मृगाबरोबर तळे पुन्हा नव्याने भरू द्यायचे. यात तळ्याची दरवर्षी आपोआप झाडलोट होत असे. बाहेरून आलेला एखादा मासा त्यात राहिलाच तर उन्हाळ्यात कोणाच्या तरी कालवणात जात असे. सकर माशावर मात्र हा जुना उपाय चालणार नाही. पाणी उतरताना तो काठातल्या बिळात शिरून बसेल आणि गाव कोरड्या तळ्याकडे पाहून निर्धास्त होईल. करमळीचे तळे, कुडतरीची तळी, मयेचा तलाव, २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलेले कुडचड्याचे नंदा तळे अशी आपल्याकडची पाणथळे बव्हंशी मातीच्या काठांचीच आहेत.

खाजनांचा, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतांचा, विचार तर त्याहून गंभीर आहे. खाजनाचा बांध म्हणजे चिखल, गवताचा पेंढा आणि दगड यांची माणसांनी हातांनी रचलेली भिंत. खेकड्याचे बीळ वेळीच बुजवले नाही तर त्यातून पाणी झिरपते, भरतीला भोक मोठे होते आणि एका रात्रीत बांध फुटून शेतात खारे पाणी शिरते, हे बांधाची राखण केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. खेकड्याच्या बिळात फार तर मूठ जाते. या माशाच्या बिळात कोपरापर्यंत हात जाऊनही तळ लागत नाही. खारे पाणी त्याला मानवणार नाही असे म्हणून स्वस्थ बसता येणार नाही, कारण निमखारे पाणी हा मासा काही दिवस सोसतो आणि पावसाळ्याचे चार महिने खाजनांच्या पोयींतले, म्हणजे आतल्या पाणसाठ्यांतले, पाणी तसेही बरेच गोडे झालेले असते.

अन्यत्र काय झाले, ते थोडक्यात लिहितो. मेक्सिकोच्या बाल्सास नदीवरील इन्फिएर्निलो धरणात तिलापियाची मोठी मासेमारी चालत असे. तिथल्या जाळ्यांत पुढे हेच चिलखती मासे भरू लागले आणि कोळ्यांना मासे विकण्याऐवजी फाटकी जाळी शिवत बसावे लागले. त्याच देशातील चियापासच्या चाकामाश नदीत संशोधकांना आढळले की या माशांच्या चिलखतात नदीतला फॉस्फरस मोठ्या प्रमाणात अडकून पडतो, म्हणजे ज्यावर शेवाळ आणि कीटक जगायचे ते खतच चिलखतात कोंडले जाते. फिलिपिन्समध्ये मारिकिना नदीत आणि लागुना दे बाय या सरोवरात तो पसरला. तिथे त्याला जॅनिटर फिश म्हणतात, म्हणजे फसवणूक नावातच आहे. फ्लोरिडात नद्या-कालव्यांचे काठ त्याने पोखरले आहेतच, शिवाय ब्लू स्प्रिंग येथे तर थंडीत ऊब शोधत आलेल्या मॅनाटींच्या, म्हणजे समुद्रगायींच्या, पाठीवर चिकटून तो त्यांच्या अंगावरचे शेवाळ खरवडतो आणि त्या बिचाऱ्यांना धड विसावाही मिळत नाही. बांगलादेशाने या माशावर बंदी घातली. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमचे कालवे, कोलकात्याच्या पूर्वेची पाणथळे, काशीजवळची गंगा अशा ठिकाणी तो सापडला आहे, आणि शेजारच्या महाराष्ट्रात भीमेवरील उजनी जलाशयातले मच्छीमार त्याला हेलिकॉप्टर मासा म्हणून ओळखतात. यांतल्या कोणत्याही ठिकाणी तो स्वतःहून पोहत गेलेला नाही. प्रत्येक ठिकाणी कोणाची तरी टाकी, शोभेच्या माशांचे एखादे तळे किंवा बादली आहे.

येथे थोडे विषयाच्या कडेने जातो, पण ते सांगितल्यावाचून राहवत नाही. दगडाला तोंड लावून शेवाळ खरवडणारा मासा आपल्याकडे मुळातच आहे. घाटातून उतरणाऱ्या ओढ्यांत, धोंड्यांना चिकटून राहणारा तो मळ्या. इंग्रज अधिकारी साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली तेव्हा या माशाला वेगळे नाव शोधण्याऐवजी लोकांच्या तोंडचे मराठी नावच जातीचे नाव म्हणून ठेवले. आज तो गारा मुल्या म्हणून जगभर ओळखला जातो. लहानपणी पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला आम्ही वाळवंटीच्या काठी जात असू, तेव्हा खडकांवरून ओल्या बोटासारखे वर सरकणारे हे मासे मी पाहिले आहेत. त्यांना कोणी टँक क्लीनर म्हटले नाही, ते विकलेही गेले नाहीत. त्याच दगडांवरच्या त्याच शेवाळासाठी त्यांच्यासमोर आता हातभर लांबीचा चिलखती भागीदार उभा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो. मासे पाणी स्वच्छ ठेवतात ही आपली समजूत अगदीच निराधार नाही. पणजीत हिवतापाच्या डासांवर उपाय म्हणून इथलाच एक चिमुकला मासा पाण्यात सोडून त्याचा चांगला उपयोग झाला होता. परंतु तो इथलाच होता, यातच सगळे आले.

आता करायचे काय, याविषयी माझे म्हणणे मांडतो. लोकांना नुसते "सोडू नका" असे सांगून भागणार नाही. फूटभराचा मासा, घरात जागा नाही, दुकानदार परत घेत नाही आणि मारायचे मन होत नाही, अशा पेचात सापडलेला सज्जन माणूस शेवटी तळ्याचीच वाट धरतो, कारण दुसरी वाट त्याला कोणी दाखवलेलीच नसते. म्हणून माझी पहिली विनंती मत्स्योद्योग खात्याला आहे: प्रत्येक तालुक्यात निदान एक अशी जागा ठरवावी की जिथे नको झालेला सकर मासा कोणतेही प्रश्न न विचारता स्वीकारला जाईल. दंडाची धमकी देणारा फलक लावल्यास लोक अंधार पडण्याची वाट पाहतील, एवढेच होईल. ज्याच्याकडे मासा आहे आणि अशी सोय नाही, त्याने पशुवैद्यांना विचारावे. लवंगेच्या तेलाने माशाला यातना न होता मरण देता येते आणि नंतर तो बागेत पुरता येतो. हे लिहिताना माझाही हात अडखळतो. पण अंगणातल्या शोभेच्या तळ्यात त्याला ठेवणे हा मध्यम मार्ग मानू नये. आपल्याकडचा आषाढ-श्रावणातला पाऊस अंगण, शेत आणि नाला यांत भेद करत नाही.

दुकानदारांवर मी फार राग धरत नाही, पण विक्रीच्या टाकीवर माशाच्या किमतीशेजारी त्याची पूर्ण वाढ किती होते हे सेंटीमीटरमध्ये लिहिणे त्यांना बंधनकारक करावे. पन्नास हा आकडा वाचून दहांपैकी आठ गिऱ्हाईके पिशवी परत ठेवतील, अशी माझी अटकळ आहे. कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे: वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार आणि बाळगणूक यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. थाई मांगूर या परक्या माशावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी तो बाजारात दिसतो तो दिसतोच. त्यामुळे नुसत्या बंदीवर माझा फारसा भरवसा नाही.

तिसरी गोष्ट गावांनी स्वतः करण्यासारखी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, निदान कागदावर तरी आहे. तिने एप्रिल-मेमध्ये तळ्यांचे पाणी सर्वांत खाली गेले असताना काठाने एक फेरी मारावी, पाण्याच्या रेषेजवळ वीतभर रुंदीची तिरपी भोके दिसतात का ते पाहावे आणि जाळ्यात असा मासा आला तर त्याची नोंद गावच्या जैवविविधता नोंदवहीत करावी. पागात सकर आल्यास तो पुन्हा पाण्यात फेकू नये आणि काठावरही टाकून देऊ नये, कारण काठावर टाकलेला मासा मेला असे समजून माणसे घरी जातात आणि तो सरपटत परत पाण्यात जातो.

शेजाऱ्यांना मी नव्या जाळ्याचे पैसे देऊ केले होते, ते त्यांनी घेतले नाहीत. मात्र तळ्याच्या काठाची फेरी माझ्याबरोबर करायला ते तयार झाले. आम्ही दोघांनी मिळून दक्षिणेकडच्या काठावर, वडाच्या मुळांच्या बाजूला, अशी तीन भोके पाहिली आहेत. एकात वेताची काठी साडेतीन फूट आत गेली. त्यांची छायाचित्रे पंचायतीला आणि जलस्रोत खात्याच्या स्थानिक कार्यालयाला पत्रासोबत दिली आहेत. पत्र देऊन पाच महिने झाले. तळे आता भरलेले आहे आणि भोके पाण्याखाली आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
डिचोली तालुका, गोवा